पिवळ्या मोज्यांची शाळा

बाळ, अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्री वाचला, पण उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं. दहावीच्या ग्रुपवर कुणाचा आयआयटीच्या गेटपाशी फोटो, कुणाचा जर्मनीच्या विमानात, आणि तू सीएच्या ऑफिसात व्हाउचरं लावत बसलेली. ‘काका, माझी गाडी चुकली का?’ असं विचारलंयस.

मी इंग्लंडात हॉर्शमला राहतो. इथून पुढचंच स्टेशन ‘ख्राइस्ट्स हॉस्पिटल’. नाव हॉस्पिटलचं, आहे शाळा. १५५२ साली लंडनच्या न्यूगेट स्ट्रीटवर गरिबांच्या मुलांसाठी निघाली, १९०२ मध्ये इकडे ससेक्सच्या माळावर आली. मुलं अजूनही पायघोळ निळा डगला, गळ्याशी पांढऱ्या पट्ट्या आणि हळदीच्या रंगाचे मोजे घालतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, नाटकाची तालीम चाललीय. तर या शाळेतल्या दोघांची गोष्ट सांगतो.

१७८२ साली, शाळा लंडनात असताना, चार्ल्स लॅम आणि सॅम्युएल टेलर कोलरिज तिथे दाखल झाले. लॅम सात वर्षांचा, कोलरिज त्याच्याहून दोन-अडीच वर्षांनी मोठा. तिथल्या सगळ्यात वरच्या वर्गातल्या मुलांना ‘ग्रीशियन’ म्हणत. ग्रीशियन झालं की विद्यापीठ, आणि पुढे बहुतेक चर्चची नोकरी. कोलरिज झाला. लॅम एक पायरी खालीच अडकला, कारण तो तोतरा होता, आणि जो प्रवचन देऊ शकत नाही त्याला पाद्रीपणासाठी कोण शिकवणार? चौदाव्या वर्षी त्याची शाळा सुटली.

तेव्हा ग्रुप असता, तर त्यावर फोटो कोणाचा झळकला असता ते सांगायला नको.

कोलरिज केंब्रिजला गेला. कर्ज केलं, १७९३ मध्ये खोटं नाव सांगून घोडदळात भरती झाला (घोड्यावर धड बसता येत नव्हतं तरी!), भावांनी खटपट करून सोडवून आणला, आणि शेवटी पदवी न घेताच विद्यापीठातून बाहेर पडला. मोठा कवी झाला, यात वाद नाही. पण अर्धवट टाकलेल्या कामांचा ढीग आणि अफूचं व्यसन जन्मभर मागे राहिलं.

लॅम १७९२ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या हिशेबखात्यात चिकटला. तीच ती कंपनी. १८१८ मध्ये आपली पेशवाई तिने गिळली तेव्हा हा लेडनहॉल स्ट्रीटवर तिच्याच वह्या लिहीत होता. पहिली तीन वर्षं पगार असा नव्हताच. नोकरी केली तेहेतीस वर्षं. तो उशिरा येतो म्हणून साहेबाने झापलं, तर म्हणाला, ‘पण जातो किती लवकर ते बघा ना!’ ही आख्यायिका असेल, पण त्याला शोभते. ‘माझे खरे ग्रंथ कंपनीच्या फडताळात आहेत,’ असंही तो गमतीने म्हणायचा.

तुला वाटेल, काका क्लार्कीचं गुणगान करतायत. नाही गं. त्याला त्या कामाचा मनस्वी कंटाळा होता आणि तो ते लपवतही नसे. पण त्याला पगार लागत होता. १७९६ मध्ये त्याची बहीण मेरी वेडाच्या भरात आईला सुरी मारून बसली. आई गेली. लॅम एकवीस वर्षांचा. ‘हिला मी सांभाळतो’ असं सांगून त्याने बहिणीला वेड्यांच्या इस्पितळातून सोडवलं आणि जन्मभर सांभाळलं. पुन्हा झटका येण्याची चिन्हं दिसली की दोघं बहीण-भाऊ रडत रडत, तिला बांधायचा अंगरखा हातात घेऊन, शेतातल्या पायवाटेने इस्पितळाकडे चालत जाताना लोकांनी पाहिलेत. आई गेल्याचं पत्र त्याने कोणाला लिहिलं? कोलरिजला. त्याच वर्षी कोलरिजच्या पहिल्या कवितासंग्रहात लॅमची चार सुनीतं आली होती. शाळेने दोघांना दोन खणांत टाकलं, ते दोघांनीही मनावर घेतलं नाही.

आणि संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर लॅम लिहायचा. मेरीबरोबर शेक्सपिअरच्या नाटकांच्या गोष्टी लिहिल्या, त्या १८०७ मध्ये निघाल्या. वीसपैकी चौदा तिच्या होत्या, मुखपृष्ठावर नाव मात्र त्याचं एकट्याचं. हे मला अजून खटकतं. ज्या निबंधांमुळे आज त्याचं नाव आहे ते तर त्याने पंचेचाळिशीनंतर लिहिले.

याच शाळेचा बार्न्स वॉलिस १९०४ मध्ये बाहेर पडला तो थेट कारखान्यात. इंजिनिअरिंगची पदवी त्याने पस्तिशीला टेकल्यावर, बाहेरून परीक्षा देऊन घेतली. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीची धरणं फोडणारा, पाण्यावर टप्पे खात जाणारा बॉम्ब त्याचाच. त्या एका रात्रीत ब्रिटिश हवाईदलाच्या बाजूचे ५३ वैमानिक-सैनिक गेले हे त्याला फार लागलं. पुढे सरकारने १०,००० पौंडांचं बक्षीस दिलं, ते त्याने हवाईदलातल्या मृत आणि जायबंदी लोकांच्या मुलांना शिकता यावं म्हणून याच शाळेला देऊन टाकलं.

तेव्हा ग्रुप म्यूट कर हवं तर, पण सोडू नकोस. त्यातल्या ज्या एकीशी तुझं खरं जमतं, तिला आधी फोन कर. परदेशात पहिल्या हिवाळ्यात माणूस किती एकटं पडतं ते मला विचार. आणि पुढच्या पत्रात बाकीच्यांच्या बातम्या नकोत. ऑफिस साडेसहाला सुटतं ना तुझं? त्यानंतर काय करतेस, तेवढं लिही.

तुझा काका