'ताई, तू ख्रिस्ती ना? मग हिस्सा कशाला मागतेस?'

वाचकांचे प्रश्न, फादरांची उत्तरं

प्रश्न : आदरणीय फादर, जय येशू. आमची वाडी वसईच्या पश्चिम पट्ट्यात आहे, गावाचं नाव छापू नका. 18 गुंठे. विहीर आहे, केळी आहेत, पानवेल होती ती आता राहिली नाही, आणि मागच्या अंगाला दोनेक गुंठ्यांचं बावखल, म्हणजे पावसाचं पाणी साठणारं तळं, आहे. बाबा सहा वर्षांपूर्वी गेले, मृत्युपत्र केलं नव्हतं. आम्ही तीन भावंडं, दोन भाऊ आणि मी. मी लग्न होऊन नालासोपाऱ्याला फ्लॅटमध्ये राहते. आता एका बिल्डरने वाडी मागितली आहे आणि थोरल्या भावाने कुणाला न विचारता टोकन घेतलं आहे. आई 74 वर्षांची. ती म्हणते, बावखल बुजवलेलं बघायला मला जिवंत ठेवू नका. मला हक्कसोड पत्रावर सही करायला सांगतात, बदल्यात 5 लाख आणि साडीचोळी. माझा मुलगा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, फ्लॅटचे हप्ते चालू आहेत, मला पैसे हवे आहेत हे खोटं कशाला सांगू? पण मी माझ्या हिश्श्याचं नाव काढलं तेव्हा भाऊ म्हणाला, 'ताई, तू ख्रिस्ती ना? रोज रोझरी म्हणतेस ना? पृथ्वीवर संपत्ती साठवू नका असं येशूनेच सांगितलंय.' मी गप्प झाले. फादर, आध्यात्मिक मूल्यं जपायची तर सही करून मोकळं व्हायचं का?
– एक बहीण

उत्तर : बाय, तुझ्या भावाला आधी शाबासकी. वचन पाठ आहे. फक्त कोणतं वचन दुसऱ्याला सांगायचं आणि कोणतं स्वतःला, यात आपली गल्लत होते. चाळीस वर्षं प्रवचनं केलेला मी तर त्यात पट्टीचा.

तुझ्यासारखंच गाऱ्हाणं घेऊन एक माणूस येशूकडे आला होता. संत लूकच्या शुभवर्तमानात, बाराव्या अध्यायात तो भेटतो. गर्दीतून त्याने विनवलं, गुरुजी, माझ्या भावाला वाटणी करून द्यायला सांगा. येशूने सरळ अंग काढून घेतलं, तुमचा पंच म्हणून मला कोणी नेमलं? आणि लगेच त्याने त्या श्रीमंत शेतकऱ्याची गोष्ट सांगितली. पीक उदंड आलं म्हणून जुनी कोठारं पाडून मोठी बांधायला निघालेला, आणि त्याच रात्री त्याचा जीव मागितला गेला. भाऊ पुढच्या खेपेला ही गोष्ट तुला ऐकवील. ऐक. पण त्या शेतकऱ्याचं बोलणं नीट ऐक. माझं पीक, माझी कोठारं, माझा माल. अख्ख्या मनसुब्यात बायको नाही, गडी नाही, शेजारी नाही. अठरा गुंठ्यांबद्दल तुमच्या घरात असं कोण बोलतं? टोकन घेणारा तर बोलतोच. तू अजिबात बोलत नाहीस, असंही मी म्हणणार नाही. ते तुझं तू तपास.

येशूने वाटणी करायला नकार दिला, वाटणी होऊ नये असं काही तो म्हणाला नाही. तेव्हा आधी हिशेब. मी वकील नाही, पण एवढं मला ठाऊक आहे. आपल्या लोकांना 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. माणूस मृत्युपत्र न करता गेला की एक तृतीयांश विधवेचं, आणि उरलेलं मुलांमध्ये सारखं, मुलगा-मुलगी असा भेद न करता. म्हणजे 18 गुंठ्यांतले 6 तुझ्या आईचे, आणि तुम्हा तिघांचे प्रत्येकी 4. बहीण म्हणजे साडीचोळी, हे कायद्यात कुठे नाही. आणि तुझ्या पत्रातून मला दिसतं ते असं, की सगळ्यांत मोठा वाटा जिचा, तिला कोणी विचारलेलंच नाही. तूसुद्धा तिचं म्हणणं मला कळवलंस ते जुन्या जिव्हाळ्याची बाई हट्ट करते अशा सुरात. बाय, ती हट्ट करत नाही. तिचे 6 गुंठे आहेत.

आता तुझा खरा प्रश्न, सही करून मोकळं व्हावं का. याचं उत्तर मी पुस्तकातून देऊ शकत नाही, कारण मी स्वतः तसा मोकळा झालेलो आहे.

आमचे वडील 1987 साली गेले. आम्हीही तिघंच, धाकटा भाऊ, बहीण आणि मी. वर्षभराने भाऊ स्टॅम्पपेपर घेऊन माझ्या धर्मग्रामात आला. सकाळची मिस्सा आटोपली होती, मी सॅक्रिस्टीत, म्हणजे चर्चमधल्या पोशाखाच्या खोलीत, झगा उतरवत होतो. कपाटाच्या फळीवर कागद ठेवून उभ्या उभ्या सही केली. वाचलासुद्धा नाही. मला फार बरं वाटलं. धर्मगुरूला काय करायची जमीन! (जाता जाता सांगतो, आम्ही धर्मप्रांतीय धर्मगुरू दारिद्र्याचं व्रत घेत नाही. ते येशूसंघीय, फ्रान्सिस्कन अशा संघांतले धर्मगुरू घेतात. लोकांना वाटतं सगळेच घेतात, आणि आम्हीही तो गैरसमज फारसा दूर करत नाही.) एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण त्या रविवारी मी बहिणीकडे जेवायला गेलो आणि तिला म्हणालो, 'मी सोडलं, तूही सोड. भावाशी वितुष्ट नको.' ती मच्छी तळत होती. तिने गॅस बारीक केला, हात पुसले आणि सही केली.

मला तीन वेळचं जेवण, राहायला बंगला, आजारपणात धर्मप्रांत. तिचा नवरा पाच वर्षांनी आजारी पडला तेव्हा तिच्या पाठीमागे कोणी नव्हतं. बांगड्या गहाण पडल्या, मग विकल्या. मला कळलं ते दोन वर्षांनी, तेही तिसऱ्याकडून. ती आजवर त्या सहीबद्दल एक शब्द बोललेली नाही. नाताळला सुकेळ्यांचं पुडकं घेऊन येते, राजेळी केळ्यांची, पानात बांधलेली. मला ती खाताना घास अडकतो. मी त्या सकाळी जे सोडलं त्यात माझं फार थोडं होतं. माझ्या शब्दाखातर जे सुटलं ते तिचं होतं, आणि मी ते देवाच्या खात्यावर माझ्या नावाने जमा करून आलो होतो.

म्हणून, बाय, हिस्सा मागणं हे पाप नाही. मुलाच्या फीसाठी पैसे हवेत, यात लाजण्यासारखं काही नाही. आपल्याच मॉन्सिग्नोर मोनीसांनी 1918 साली वसईत कॅथॉलिक सहकारी बँक काढली. धर्मगुरूने बँक काढावी! त्यांना माहीत होतं की सावकाराच्या वहीत अडकलेल्या माणसाला रविवारी देऊळ दिसतं, देव दिसत नाही.

आता बावखल. नालासोपाऱ्यात वाढणाऱ्या तुझ्या मुलाला कदाचित हा शब्दच ठाऊक नसेल, म्हणून त्यालाही वाचायला दे. आपल्या वाड्यांची जमीन रेताड, समुद्र हाकेच्या अंतरावर. पावसाळ्यात वाड्यांतलं पाणी बावखलात उतरतं, तिथून झिरपत विहिरींना मिळतं. जमिनीखाली गोड्या पाण्याचा तो थर आहे तोवर खारं पाणी दबून राहतं. बावखल बुजवलं की आधी पावसात अंगणात पाणी, मग उन्हाळ्यात विहिरीला मचूळपणा. 2018 च्या जुलैत वसईत पाणी तुंबलं, गाड्या बंद, वीज बंद, तेव्हा सगळे आभाळाकडे बोट दाखवत होते. आभाळाचा दोष होताच. पण ते पाणी पूर्वी जिथे जाऊन बसायचं ती जागा आपणच विकली होती, हे कोणी बोलत नव्हतं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीची माणसं हेच ओरडून सांगत होती. त्या सभांना मी गेलोय, घोषणा दिल्यात, आणि आमच्या स्वतःच्या वाडीतलं बावखल 1996 साली भरणी टाकून बुजवलं तेव्हा मला ते मयताला गावी गेलो म्हणून कळलं. लाल मातीचे ढीग, काठावरचं भोकराचं झाड आडवं. भावाला काय बोलणार? सही माझी होती. आज त्याच भावाच्या दारात मार्च उजाडला की टँकर उभा राहतो. पाणी विकत घेतो बिचारा, आणि मी गेलो की त्यातलाच चहा पाजतो.

तेव्हा हिशेबात दोन गुंठ्यांचं बावखल धरताना किती विहिरी त्याच्यावर आहेत तेही धर. तुमच्या शेजारच्या वाड्यांतली माणसं कागदावर कुठेच नाहीत, त्यांना टोकन मिळणार नाही. पृथ्वीवर संपत्ती साठवू नका, हे वचन लागू करायचंच तर मला ते इथे लागू होताना दिसतं.

तुला नाबोथ आठवतो? राजा अहाबच्या वाड्याला लागून त्याचा द्राक्षमळा होता. राजाला तो कशासाठी हवा होता, तर भाजीपाला लावायला. त्याहून चांगला मळा देतो म्हणाला, रोख देतो म्हणाला. नाबोथ म्हणाला, वाडवडिलांचं वतन मी देणार नाही. राजा रुसून भिंतीकडे तोंड करून पडला, जेवेना. त्या सभांमध्ये आम्ही हा उतारा इतक्या वेळा वाचला की पोरं हसायची. पण नाबोथचं पुढे काय झालं ते आम्ही घाईत उरकायचो. खोटे साक्षीदार उभे केले, त्याला दगडांनी मारलं. म्हणून मी तुला 'नाबोथ हो' असं सांगणार नाही. दुसऱ्याला नाबोथ व्हायला सांगणं फार स्वस्त आहे, आणि तुझ्या आईला तर मी ते मुळीच सांगणार नाही.

मला तुझ्या जागी जक्कय नावाचा जकातदार जवळचा वाटतो. येशू त्याच्या घरी जेवायला आला आणि तो उठून काय म्हणाला? भजन नाही गायला. म्हणाला, अर्धं गरिबांना देतो, आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट. आकडे! उरलेलं अर्धंही टाकून दे, असं येशूने त्याला म्हटलं नाही. त्या घराला आज तारण मिळालं म्हणाला आणि जेवला.

तर असं कर. एखाद्या रविवारी आईला घेऊन वकिलाकडे जा. रविवारी वकील नसेल तर सोमवारी रजा टाक, पण भावाबरोबर नको. सातबारावर वारस म्हणून चौघांची नावं लागलीत का, फेरफार झालाय का, ते आधी बघ. आईचे 6 गुंठे विहीर, घर आणि बावखल धरून वेगळे निघतात का, हे विचार. जमिनीचे फार छोटे तुकडे पाडायला अटकाव करणारा तुकडेबंदीचा कायदा तुमच्या वाडीला आड येतो का, तेही विचार, वाट वकील दाखवील. तुझे 4 तू विक किंवा ठेव. मुलाच्या फीसाठी विकलेस तर माझ्याकडे पापनिवेदनाला येऊ नकोस, मला रांग मोठी असते. पण विकताना बावखलापर्यंत भरणी येणार नाही असं कागदावर लिहून घे, तोंडी नको. आणि थोरल्या भावाने टोकन का घेतलं, ते एकदा त्याला एकट्याला गाठून विचार. कर्ज असेल. बहुतेक वेळा असतं. आमच्या भावाला होतं, मी विचारलं नव्हतं.

हक्कसोड पत्र मात्र वाचल्याशिवाय, आणि आईच्या माघारी, सही करू नकोस.

प्रश्न : फादर, मी आणि नवरा दोघंही नोकरी करतो. दशांश द्यायचा तो एकूण पगाराचा की कापून हातात येतो त्याचा? पीएफ धरायचा का?
– एक वाचक, विरार

उत्तर : कॅथॉलिक चर्च दहावा भाग असा आकडा बांधून देत नाही. ऐपतीप्रमाणे चर्चच्या गरजांना हातभार लावावा, एवढंच म्हणतं. तेव्हा पीएफला देवापासून भय नाही. मंदिराच्या भांडारात दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेकडे येशूचं लक्ष गेलं ते टक्क्यांमुळे नव्हे. तुम्ही दोघं नोकरीला, म्हणजे घरी धुणंभांडी करायला कोणी येत असेल. तिचा पगार शेवटचा कधी वाढवला ते आठवा, आणि नाताळच्या आत वाढवा. मग पाकिटाचं बघू.