पणजोबांच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी महाराष्ट्रात कुठे मिळतात आणि शोधायच्या कशा?

तुम्ही लिहिलंय की पणजोबांचा जन्म साधारण 1905 ते 1910 मधला, गाव सातारा जिल्ह्यातलं, नाव माहितीये, बाकी काहीच नाही, आणि ग्रामपंचायतीत विचारलं तर "एवढं जुनं आमच्याकडे नसतं" असं सांगितलं. ते टाळत नाहीयेत, खरंच नसतं. जन्म-मृत्यू नोंदणीचा आत्ताचा कायदा 1969 चा, महाराष्ट्रात लागू झाला 1 एप्रिल 1970 पासून, त्यामुळे ग्रामसेवकाकडची रजिस्टरं साधारण तिथून पुढची.

त्याआधीचं जे आहे ते म्हणजे गाव नमुना नंबर 14, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात. गावात कोण जन्मलं, कोण गेलं याची खबर कोतवाल आणायचा आणि ती वहीत चढायची. या वह्या आता बहुतेक ठिकाणी तहसील कार्यालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये असतात, गावात नाही. विदर्भात याच प्रकाराला कोतवाल पंजी म्हणतात, तिकडे गेलात तर तोच शब्द वापरा, पटकन कळतं.

मी आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांसाठी बरीच वर्षं हे करतोय आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते आधी सांगतो. पणजोबांचं नाव शोधू नका, त्यांच्या वडिलांचं नाव शोधा. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बहुतेक वेळा नसतंच, कारण खबर दिली तेव्हा बारसं झालेलं नसायचं. नोंद काय असते तर तारीख, बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी, बस. आडनावही कित्येकदा नसतं, "राणू बिन सखाराम" एवढंच, बिन म्हणजे अमक्याचा मुलगा. लोक आडनाव धरून पानं उलटत बसतात आणि नोंद डोळ्यासमोरून निघून जाते. त्यात आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवायची पद्धत, म्हणजे राणूचा सखाराम आणि त्या सखारामचा परत राणू, तेव्हा एकच नाव पिढी सोडून परत येतं, म्हणून बापाचं नाव आणि शक्य असेल तर आजाचंही नाव हाताशी ठेवा आणि प्रत्येक नोंद त्याच्याशी ताडून बघा. पणजोबांचे भाऊ-बहिणी किती होते हे घरात कोणाला आठवत असेल तर ते पण लिहून काढा, कारण एकाच बापाच्या नावावर चार-पाच जन्म दिसले की त्यातला आपला कोणता हे थोरल्या-धाकट्याच्या क्रमावरूनच ठरतं.

आणि दुसरं, जन्म कुठल्या गावात झाला असेल हा विचार आधी करा. नोंद व्हायची ती जिथे घटना घडली तिथे, राहत्या गावी नाही, आणि पहिलं बाळंतपण आपल्याकडे माहेरी. पणजोबा थोरले असतील तर त्यांच्या आजोळच्या गावाचं रजिस्टर बघायला हवं, कदाचित तालुकाच वेगळा निघेल. माझ्या आजोबांचा जन्म असाच त्यांच्या आजोळच्या वहीत सापडला, आमच्या गावच्या वहीत त्यांच्या धाकट्या भावंडांच्या नोंदी आहेत पण त्यांची नाही. तेव्हा पणजोबांच्या आईचं माहेर कुठलं हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच फोन करून विचारा, हे कागदावर कुठेच सापडत नाही आणि सांगणारी माणसं कायम राहत नाहीत.

तहसीलमध्ये साधा अर्ज द्यायचा, त्यात गावाचं नाव, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत बघायचंय, आणि "गाव नमुना नंबर 14 ची पाहणी करून नक्कल मिळणेबाबत" असं स्पष्ट लिहायचं. नुसतं "माझ्या पणजोबांचा जन्मदाखला द्या" लिहिलं तर "आढळून येत नाही" असं उत्तर येतं, कारण त्या नावाने नोंदच नसते. पाहणी स्वतः करायची परवानगी मागा, पानं अगदी पापडासारखी झालेली असतात तेव्हा हळू उलटा, आणि फोटो काढायचे असतील तर आधी विचारून घ्या. सापडलं की सही-शिक्क्याची नक्कल घ्याच, नुसता फोटो पुढे कुठे कामाला येत नाही.

जायच्या आधी जिल्ह्याच्या सरकारी वेबसाइटवर एकदा बघा. 2023 मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमल्यानंतर कुणबी नोंदींसाठी तालुक्या-तालुक्यात जुनं रेकॉर्ड तपासलं गेलं आणि बऱ्याच जिल्ह्यांनी ती पानं स्कॅन करून टाकलीत. तुमचं घराणं कुणबी असो नसो, त्या यादीवरून तुमच्या गावाचं कोणत्या सालचं रजिस्टर शिल्लक आहे हे घरबसल्या कळतं आणि हे कळणं म्हणजे अर्धं काम झालं, कारण बऱ्याच गावांच्या वह्या वाळवीने, पाण्याने केव्हाच गेल्यात.

मोडीचं टेन्शन घेऊ नका. त्या काळातलं बरंच रेकॉर्ड मोडीत आहे, पण तुम्हाला अख्खी मोडी शिकायची गरज नाही. पुराभिलेख विभागाची परीक्षा पास झालेले मोडी वाचक असतात, त्यांच्यापैकी कोणाकडून गावाचं नाव, घराण्यातली सात-आठ नावं, महिने आणि आकडे एका कागदावर मोडीत लिहून घ्या आणि तो कागद शेजारी ठेवून पानं बघा. अंदाजे जुळणारी पानं निवडा आणि तेवढीच वाचकाला दाखवा, पैसे पण वाचतात. शके लिहिलं असेल तर 78 मिळवा. मराठवाड्यातलं असेल तर सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाचं राज्य होतं, तिथे कागद उर्दूत आणि साल फसली, त्यात साधारण 590 मिळवायचे.

मृत्यूच्या नोंदी मला जन्मापेक्षा जास्त बोलक्या वाटतात कारण तिथे नाव असतं, वय असतं, कारण पण असतं, ताप, पटकी, देवी, प्लेग. 1918 चं रजिस्टर मिळालं तर ते सावकाश बघा, त्या वर्षी मानमोडीची साथ आली होती आणि एकेका घरातली तीन-तीन माणसं आठवड्याभरात गेलेली दिसतात, घरात कोणी "पणजी लहानपणीच पोरकी झाली" असं म्हणत असेल तर उत्तर बहुतेक तिथे असतं. (1970 नंतरच्या मृत्यू दाखल्यात कारण देत नाहीत, कायद्यानेच मनाई आहे, तेव्हा त्यावरून वाद घालू नका.)

बायकांबद्दल मुद्दाम वेगळं सांगतो कारण सगळे वंशावळीत पुरुषांचीच नावं लावून मोकळे होतात. जन्माच्या जुन्या नोंदीत आईचं नाव बहुतेक नसतं. ती सापडते तिच्या मृत्यूच्या नोंदीत, "सखू कोम राणू" अशी, कोम म्हणजे बायको, नाहीतर जमिनीच्या कागदात. जमीन असेल तर गाव नमुना 6 म्हणजे फेरफार आणि 6-क म्हणजे वारस नोंदवही काढा. माणूस गेला की वारस लावताना तो कधी वारला आणि मागे कोण कोण राहिलं, विधवा, मुलगे, मुली, हे लिहिलं जायचं, बऱ्याच वेळा वयासकट. लग्न होऊन गेलेल्या आत्या तिथेच भेटतात. काही जिल्ह्यांचे जुने सातबारा आणि फेरफार "आपले अभिलेख" या सरकारी साइटवर थोडी फी भरून डाउनलोड होतात, साताऱ्याचे नाही मिळाले तर तहसीलची नक्कल शाखा आहेच.

लग्नाच्या सरकारी नोंदीमागे वेळ घालवू नका, त्या काळात खेड्यातल्या हिंदू लग्नांची नोंदणी होत नव्हती. वसईकडचं ख्रिस्ती घराणं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे चर्चच्या वहीत बाप्तिस्मा, लग्न, दफन तिन्ही मिळतं.

शाळेचं जनरल रजिस्टर बघा पण त्यातल्या जन्मतारखेवर जीव टाकू नका, गुरुजी 1 जून लिहून टाकायचे, निम्मा गाव 1 जूनचा असतो. तिथलं वडिलांचं पूर्ण नाव आणि आडनाव मात्र उपयोगाचं.

पुण्याच्या पेशवे दफ्तरात जायचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच, तिथे वतन, इनाम, महसूल यांचे कागद आहेत, घराण्यात पाटीलकी-कुलकर्णीपण असेल तरच आणि तेही शेवटी जा. त्यापेक्षा त्र्यंबकेश्वरला किंवा नाशिकला तुमच्या गावाचे तीर्थोपाध्याय कोण ते विचारा, गाव आणि आडनाव सांगितलं की ते वही काढतात आणि त्यात कोण कोणत्या साली कोणाच्या अस्थी घेऊन आलं ते लिहिलेलं असतं. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे हेळवी पण येतात, पिढ्यानपिढ्या घराण्यांची नावं सांभाळणारे, गावात विचारा तुमच्या भावकीचा हेळवी कोण आणि तो कधी येतो, बहुतेक सुगीनंतर येतात. त्यांच्याकडे तारखा कमी मिळतील पण क्रम मिळतो, आणि तो क्रम घेऊन कोतवाल बुकात गेलात तर बापाचं नाव शोधणं खूप सोपं होतं.

तालुका आणि पणजोबांच्या वडिलांचं नाव कमेंटमध्ये टाकू नका, मला मेसेज करा, त्या तालुक्यातलं काय काय स्कॅन झालंय ते बघून सांगतो.