म्युनिकचे लॅपटॉप मुळशीच्या शाळेला

प्रश्न : भाऊ म्युनिकला असतो. त्याच्या ऑफिसातले चाळीस जुने लॅपटॉप फुकट मिळताहेत. निम्मे चालू आहेत, उरलेले इथे दुरुस्त होतील. मुळशीतल्या शाळेसाठी जहाजाने मागवू का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : बंद पडलेले वीस आधी यादीतून काढा. तुम्ही त्यांना ‘दुरुस्त होणारे’ म्हणता, युरोपात ते ई-कचऱ्यातच धरले जातील. घातक कचऱ्याच्या सीमापार वाहतुकीवरच्या बाझल करारातली दुरुस्ती १ जानेवारी २०२५ला लागू झाली. तेव्हापासून घातक नसलेला ई-कचराही दुसऱ्या देशाच्या लेखी पूर्वसंमतीशिवाय सीमेपार जात नाही. भारताला तर तो पाठवायला युरोपीय संघाचीच बंदी आहे.

चालू वीस चालू आहेत हे भावाने सिद्ध करायचं. प्रत्येक यंत्राची चाचणी, आणि त्यावर चिकटवलेला कागद : यंत्राचं नाव, अनुक्रमांक, उत्पादनवर्ष, तपासणाऱ्याचं नाव-पत्ता, तारीख, निकाल. पॅकिंगही नीट हवं. एकाच खोक्यात रचून भरलेले लॅपटॉप तिथे कचराच समजले जातात.

खरी अडचण मात्र आपल्या बाजूला आहे. वापरलेले लॅपटॉप आयात करायला डीजीएफटीचा (परकीय व्यापार महासंचालनालयाचा) परवाना लागतो, शिवाय भारतीय मानक ब्युरोची नोंदणी. हे नसेल तर न्हावा शेवा बंदरात माल अडतो. मग तो स्वखर्चाने परत पाठवा, नाहीतर कस्टम्स तो मोडून भंगारात काढणार. वीस लॅपटॉपसाठी हा खटाटोप आम्ही तरी करणार नाही. भावाने ते तिथेच विकून पैसे पाठवावेत.

तेवढ्या पैशांत हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांनी बदललेले लॅपटॉप इथेच मिळतील. घेताना बायोस पासवर्ड (विंडोजच्या आधी यंत्रच मागतं तो) काढून घ्या. यंत्र कंपनीच्या खात्यातून मोकळं केलंय का, हे विंडोज नव्याने टाकूनच तपासा. तसं केलं नसेल तर इंटरनेट जोडताच ते कंपनीचं लॉगिन मागतं आणि शाळेत नुसतं पडून राहतं. ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी शाळेला पुरते. पुण्यातल्या तपकीर गल्लीत दोन्ही बसवून मिळतं.

एखाद्या लॅपटॉपचा टचपॅड वर आलाय, क्लिक बसत नाही? खालची बॅटरी फुगली असावी. लॅपटॉप चार्जिंगला लावू नका, बॅटरी दाबू नका, टोचू तर मुळीच नका. कारागिराकडून काढून घ्या, टोकांना चिकटपट्टी लावा, कोरड्या वाळूच्या डब्यात ठेवा आणि नोंदणीकृत रिसायकलरला द्या. भंगारवाल्याच्या टेम्पोत ती पेटू शकते.