ओळंबा घेऊन जा

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. जळगावला फिजिक्सच्या मास्तरांच्या मेळाव्यात खगोलशास्त्रावर तू बोलणार, हे वाचून बरं वाटलं. स्लाइड शंभरावर गेल्यात, कमी कशा करू, असं विचारतोस. अरे भो, सगळ्याच काढून टाक. कृष्णविवरं आणि जेम्स वेब दुर्बिणीची चित्रं या मंडळींनी मोबाइलवर केव्हाच पाहिली आहेत. सोमवारी वर्गात करता येईल असं काहीतरी त्यांना दे.

आयोजकांकडून जेवणाआधीची वेळ मागून घे. डिसेंबर म्हणजे भरीत आणि कळण्याची भाकरी ठरलेली. त्यानंतर साक्षात भास्कराचार्य बोलायला उभे राहिले तरी अर्धी सभा पेंगेल.

बाराला सगळ्यांना मैदानात ने. एक मीटरची काठी सरळ रोव आणि दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूने खूण करायला लाव. सर्वांत आखूड सावली ती माध्यान्हीची. 22 डिसेंबरच्या आसपास सूर्य 23.4 अंश दक्षिणेला असतो, आपण साधारण 21 अंश उत्तरेला. बेरीज 44.4, माध्यान्हीला सूर्य डोक्यावरून एवढा कललेला; तिचा टॅन्जंट 0.98. म्हणजे सावली 98 सेंटिमीटर, काठीएवढीच म्हण ना! पण हे आधी सांगू नकोस. सावली त्यांनाच मोजू दे आणि तिच्यावरून जळगावचा अक्षांश त्यांनाच काढू दे.

माझी फजितीही ऐक. नोकरीच्या सुरुवातीला मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात शून्य सावली, म्हणजे सूर्य बरोबर डोक्यावर येऊन सावली नाहीशी होते ती, दाखवायला मी मुलांना ठोक्याला बारा वाजता उन्हात उभं केलं. सावली दहा सेंटिमीटर, ती काही जाईना. काठी वाकडी आहे म्हणालो आणि पोरांना वर्गात नेलं. वाकडी काठी नव्हती, माझं डोकं होतं. आपलं घड्याळ 82.5 अंश रेखावृत्तावरचं, जळगाव त्याच्या सात अंश पश्चिमेला. अंशाला चार मिनिटं, झाली 28. त्यातून तेव्हाचा कालसमीकरणाचा फरक (सूर्य वर्षभर घड्याळाच्या थोडा मागेपुढे चालतो, तो), तीनेक मिनिटं, वजा कर. म्हणजे सूर्य माथ्यावर येणार 12.25 ला, आणि तोवर मी फळ्यासमोर! डिसेंबरच्या त्या दिवसांतही माध्यान्ह याच सुमारास असते. भुसावळ आणि नंदुरबारच्या मास्तरांना आपापल्या गावी हाच प्रयोग करायला सांग. दोघांच्या माध्यान्हीत सहा मिनिटांचा फरक पडेल. रेखांश शिकवायला याहून सोपा धडा मला तरी सापडला नाही.

पाटण्याचा उल्लेख जरूर कर. चाळीसगावजवळच्या त्या 1207 सालच्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची नोंद आहे. खानदेशातल्या मास्तराला यापेक्षा मोठं नातं कुठलं सांगायचं? भास्कराचार्य ज्याला शंकू म्हणत ती हीच उभी काठी. मात्र त्यांचं जन्मगाव कोणतं, हा वाद तिथे उकरू नकोस. गुरुत्वाकर्षण न्यूटनच्या आधी कुणी शोधलं, यावर कुणी उठलाच तर हसून पुढे जा; नाहीतर 12.25 तिथेच होतील.

काठी नुसत्या नजरेने सरळ धरू नकोस. माझ्याकडे गवंड्याचा जुना ओळंबा आहे, येऊन घेऊन जा. दोरी तेवढी नवी बांध, जुनी उंदरांनी कुरतडली आहे.

तुझा,
सर