रिपोर्टात मूग, ताटात मूग

प्रश्न : माझा मुलगा सव्वा वर्षाचा आहे. त्याला तान्हेपणापासून एक्झिमा आहे. चार महिन्यांपूर्वी रक्ताची अ‍ॅलर्जी तपासणी केली. त्यात मूग, मसूर, हरभरा, शेंगदाणा सगळंच पॉझिटिव्ह आलं. त्याआधी तो मुगाचं वरण रोज खायचा, कधी काही झालं नाही. तेव्हापासून सगळ्या डाळी बंद केल्या, पण एक्झिमा आहे तसाच आहे. शेंगदाणा त्याने अजून चाखलेलाच नाही. आंघोळीला मात्र डाळीचं पीठ लावतो. सासूबाई म्हणतात, “वरण दे, काही होत नाही.” मला धीर होत नाही. काय करू?
– एक आई, सांगली

उत्तर : तुमच्या पत्रात मी एका वाक्याखाली रेघ मारली : ‘रोज खायचा, कधी काही झालं नाही.’ माझ्या लेखी ते त्या रिपोर्टपेक्षा मोठं आहे.

रक्तात मुगाविरुद्धचं आयजीई (अ‍ॅलर्जीशी जोडलेलं प्रतिपिंड, तुमच्या तपासणीत तेच मोजतात) सापडलं म्हणजे शरीराने मुगाची ओळख धरली. खाल्ल्यावर त्रास होणं ही वेगळी गोष्ट. कर्नाटकातल्या प्रौढांच्या एका मोठ्या पाहणीत कुठल्या ना कुठल्या अन्नाला 26.5 टक्के लोकांचं रक्त पॉझिटिव्ह आलं, खरी अ‍ॅलर्जी असण्याची शक्यता मात्र 1.2 टक्क्यांतच दिसली. एक्झिमाच्या मुलांत तर असे रिपोर्ट फार येतात. शिवाय डाळी, हरभरा, शेंगदाणा एकाच कुळातले, त्यांची प्रथिनं एकमेकांसारखी. त्यामुळे चाचणीत सगळ्यांची नावं एकदम येतात, पण एकाचा त्रास म्हणून सगळ्यांचा, असं सहसा नसतं.

आता ते पीठ. माझ्या आजीनेही आम्हा सगळ्यांना डाळीचं पीठ आणि साय लावूनच न्हाऊ घातलं, तेव्हा हे लिहिताना मला जड जातंय. पण तुमच्या बाळाची त्वचा फुटलेली आहे. पोटातून गेलेलं अन्न शरीर बहुधा आपलं मानतं. तेच चिरा पडलेल्या कातडीतून शिरलं तर शत्रू समजण्याची शक्यता वाढते. म्हणजे तुमच्याकडे हरभरा अंगावर सुरू आणि डाळी तोंडातून बंद, नेमकं उलटं झालंय. पीठ आजपासून थांबवा. साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर भरपूर लावा आणि एक्झिमाचं औषध मन लावून करा.

खाण्याने काय फरक पडतो हे शेंगदाण्याबाबत नीट तपासलं गेलंय. लंडनमध्ये तीव्र एक्झिमा किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या 640 बाळांचा अभ्यास झाला, निकाल 2015 मध्ये आला. त्यांतल्या 98 बाळांची शेंगदाण्याची त्वचेवरची चाचणी आधीच थोडी पॉझिटिव्ह होती. त्यांच्यात शेंगदाणा टाळणाऱ्यांपैकी 35 टक्क्यांना पाचव्या वर्षी अ‍ॅलर्जी निघाली, नियमित खाणाऱ्यांपैकी सुमारे 11 टक्क्यांना. चाचणी फार जोरात आलेल्यांना मात्र त्या अभ्यासात घेतलंच नव्हतं.

मग आज रात्रीच वरण द्यायचं का? नको. सासूबाईंचं म्हणणं चार महिन्यांपूर्वी बरोबर होतं आणि तेव्हा मूग बंद करायलाच नको होता, याचं मला खरंच वाईट वाटतं. एक्झिमाच्या मुलाला सोसणारा पदार्थ बराच काळ तोडला, तर ती सवय सुटून पुन्हा देताना जोराची रिअ‍ॅक्शन येऊ शकते. म्हणून पहिले घास अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांसमोर, दवाखान्यात. आधी मूग, तो सोसला की बाकीच्या डाळी एकेक करून. शेंगदाण्याचं त्वचेची चाचणी पाहून तेच ठरवतील. दिलाच तर बारीक कूट पातळ कालवून द्यायचं. अख्खा दाणा या वयात घशात अडकतो. एकदा सोसला की तो पदार्थ आठवड्यातून दोन-तीनदा पोटात जात राहू दे.

अंगावर गांधी, ओठांना सूज, लागोपाठ उलट्या, खोकला किंवा धाप दिसली, तर वाट न पाहता रुग्णालय गाठा.

दवाखान्यात जाताना मुगाचं वरण घरचंच, रोजच्यासारखं शिजवून डब्यात न्या. सासूबाईंनाही सोबत घ्या.