प्रोसेसर तपासणारं सिनेबेंच तासभर चालतं, पण फ्लाइट सिम्युलेटर दोन तासांनी आपोआप बंद पडतो. प्रोसेसर नेमका कसा ट्यून करावा?

हा प्रश्न विचारताना, आणि सोबत तापमानाचंही विचारताना, तुम्ही दिलेली माहिती एकत्र मांडतो: एएमडीचा रायझन ७ ७८००एक्स३डी प्रोसेसर, डीडीआर५ रॅम एक्सपो (रॅमला वरच्या वेगावर नेणारं बायोसमधलं तयार सेटिंग) लावून ६००० वर, कर्व्ह ऑप्टिमायझर (कोअरचं व्होल्टेज पायरीपायरीने कमी करणारं सेटिंग) सगळ्या कोअरना सरसकट उणे ३०. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर लांबच्या उड्डाणात, बहुतेक वेळा उतरायच्या सुमारास, कसलाही एरर न दाखवता डेस्कटॉपवर येऊन पडतो. कधीकधी मशीनच रीस्टार्ट होतं. एवढ्यावरून माझा पहिला संशय त्या उणे ३० वर आहे, दुसरा रॅमवर. सिनेबेंच पास झालं याला या बाबतीत फारसा अर्थ नाही.

सिनेबेंच आठही कोअर एकदम कामाला लावतं. सगळे मिळून राबायला लागले की वीज आणि तापमानाचं गणित सांभाळायला प्रोसेसर क्लॉक, म्हणजे स्वतःचा वेग, जरा खाली घेतो, आणि मग लोड तासभर तसाच एकसारखा राहतो. सिम्युलेटरमध्ये सर्वांत मोठा भार एका मेन थ्रेडवर, म्हणजे एका वेळी एकाच कोअरवर चालणाऱ्या कामाच्या धाग्यावर, असतो. डेव्हलपर मोडमधला एफपीएस काउंटर उघडून पाहा, मोठ्या विमानतळाजवळ तिथे बहुधा ‘लिमिटेड बाय मेनथ्रेड’ असंच दिसेल. म्हणजे एक कोअर जवळजवळ कमाल क्लॉकवर, ७८००एक्स३डीच्या बाबतीत ५ गिगाहर्ट्झच्या आसपास, आणि बाकीचे कधी कामात तर कधी मोकळे. एकेका कोअरचा लोड सेकंदात कितीदा तरी वरखाली होतो. व्होल्टेज कमी पडलं तर ते या वरच्या टोकाला आणि या चढउतारातच उघडं पडतं. सगळे कोअर राबवणारी टेस्ट त्या टोकापर्यंत सहसा जातच नाही.

आता खरी गोम. विंडोज जड थ्रेड शक्यतो त्या कोअरला देतं ज्याला चिपने स्वतःच ‘चांगला’ म्हणून मार्क केलेलं असतं. चांगला म्हणजे तेवढ्याच क्लॉकला इतरांपेक्षा कमी व्होल्टेजमध्ये भागवणारा. त्याच्यातली बरीचशी सूट कारखान्यातच वापरून झालेली असते. कर्व्ह ऑप्टिमायझरची एक पायरी साधारण ३ ते ५ मिलिव्होल्टची, म्हणजे उणे ३० लावलं की ९० ते १५० मिलिव्होल्ट कमी. सामान्य कोअर ते पचवेलही. पण ज्याच्याकडून सर्वांत जास्त काम करून घ्यायचं, त्याच्याच ताटातलं आपण सर्वांत आधी काढतो. ‘माझ्याकडे उणे ३० मस्त चालतं’ असं सांगणाऱ्यांची चिप वेगळी असते, आणि निम्मे लोक तपासतात तेही सिनेबेंचवरच.

तेव्हा पहिली गोष्ट: बायोस (मदरबोर्डची मूळ सेटिंग) डिफॉल्टवर न्या. एक्सपोसुद्धा बंद. अशा अवस्थेत ज्या प्रकारच्या उड्डाणात हमखास बंद पडायचं तीच उड्डाणं करा. फ्रेम थोड्या कमी मिळतील, पण एक्स३डी चिपमध्ये ९६ मेगाबाइट एल३ कॅश (प्रोसेसरमधलीच वेगवान मेमरी) असल्यामुळे रॅमचा वेग उतरल्याचा फटका साध्या चिपइतका बसत नाही. डिफॉल्टवर सगळं सुरळीत चाललं तर दोष तुमच्या सेटिंगमध्ये आहे हे नक्की झालं. मग फक्त एक्सपो चालू करून पुन्हा उडा. कर्व्ह सगळ्यात शेवटी. दोन्ही एकदम बदललं की पुढच्या वेळी कोणाला धरायचं हेच कळत नाही.

एक्सपो हे ओव्हरक्लॉकिंगच आहे, हे बरेच जण विसरतात. ७००० मालिकेसाठी एएमडीचा अधिकृत आकडा दोन स्टिकना ५२०० आहे, चार स्टिक लावल्या तर फक्त ३६००. तुमच्याकडे चार असतील तर ६००० चा नाद सोडा. दोन असतील तर ६००० बहुतेक वेळा चालतं, पण मेमटेस्ट८६ ही रॅमची टेस्ट रात्रभर लावून खात्री करा. त्यातही एक मेख आहे: मेमटेस्ट चालतं तेव्हा ग्राफिक्स कार्ड थंड असतं. सिम्युलेटर सुरू असताना तेच कार्ड गरम हवा वर रॅमकडे फेकतं आणि स्टिक तापल्या की काठावरची टायमिंग चुकायला लागते. ‘दोन तासांनीच का’ याचं एक उत्तर इथे असू शकतं. एचडब्ल्यूइन्फो या सेन्सर दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये स्टिकचं तापमान दिसतं, उड्डाणभर त्याचा लॉग ठेवा. एसओसी व्होल्टेजही (प्रोसेसरमधल्या रॅम सांभाळणाऱ्या भागाचं) बघून घ्या. २०२३ मध्ये काही चिप जळाल्यानंतर एएमडीने त्यावर १.३ व्होल्टची मर्यादा घातली, तेव्हा बायोस त्याआधीचा असेल तर अपडेट आधी, बाकी सगळं नंतर.

कर्व्हकडे परत येताना विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडा. विंडोज लॉग्जमध्ये सिस्टिम, आणि तिथे सोर्स ‘व्हीआ-लॉगर’ (WHEA-Logger, हार्डवेअरच्या चुका नोंदवणारा). मशीन रीस्टार्ट झालं त्या वेळेची इव्हेंट १८ ची नोंद असेल, त्यात ‘कॅश हायरार्की एरर’ लिहिलेलं असेल आणि खाली ‘प्रोसेसर एपिक आयडी’ म्हणून एक आकडा असेल, तर गुन्हेगार हातात आला समजा. तुमच्या चिपमध्ये एका कोअरचे दोन थ्रेड, म्हणून त्या आकड्याला २ ने भागा, बाकी सोडून द्या. आयडी १० किंवा ११ म्हणजे कोअर ५, मोजणी शून्यापासून. बायोसमध्ये काही बोर्ड एकपासून मोजतात, तेवढं जपा. नोंद नसेल तर कोअर निर्दोष ठरत नाही. सिम्युलेटर नुसता डेस्कटॉपवर पडतो तेव्हा बऱ्याचदा काहीच लिहिलं जात नाही.

मग ‘ऑल कोअर’ऐवजी ‘पर कोअर’ निवडा. चांगले दोन कोअर (एएमडीचं रायझन मास्टर ॲप ते खुणेने दाखवतं) उणे १० वर, बाकीचे उणे १५ किंवा २० वर ठेवून सुरुवात करा. तपासायला कोअरसायकलर वापरा. ही मोफत स्क्रिप्ट प्राइम९५ ही जड गणिताची टेस्ट एका वेळी एकाच कोअरवर चालवते आणि आळीपाळीने सगळ्यांवर फिरते. टेस्टचा मोड एसएसई (हलक्या सूचनांचा) ठेवा, एव्हीएक्स (जड सूचनांचा) नको. एव्हीएक्सने चिप जास्त तापते, क्लॉक उतरतो आणि आपल्याला तपासायचं ते वरचं टोकच निसटतं. एरर आलेल्या कोअरला पाच पायऱ्या परत द्या (उणे २० चे उणे १५) आणि पुन्हा लावा. वेळखाऊ काम आहे, रात्री लावून झोपा. हातात आलेल्या आकड्यांवर दोन-तीन पायऱ्या आणखी शून्याकडे सोडल्या तर बरं. बोर्डावरच्या साध्या व्होल्टेज ऑफसेटला मात्र हात लावू नका. त्यात क्लॉक ५ गिगाहर्ट्झ दिसत राहतो आणि काम कमी होतं. एचडब्ल्यूइन्फोमधला ‘इफेक्टिव्ह क्लॉक’ पाहिला की हा खोटेपणा कळतो.

तापमानाचं विचारलंत. या चिपची मर्यादा ८९ अंश आहे आणि जादाची कॅश कोअर असलेल्या चिपच्या वर बसवलेली असल्याने ती तापतेच. सिम्युलेटरमध्ये त्याच्या बरंच खाली राहत असाल तर कूलरवर पैसे घालू नका.

इंटेलच्या १३व्या किंवा १४व्या पिढीवाला कोणी हे वाचत असेल तर त्याचा रस्ता वेगळा. तिथे जास्तीच्या व्होल्टेजने चिपच हळूहळू खराब होत होती. इंटेलने २०२४ च्या ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी हे मायक्रोकोड (बायोसमधून प्रोसेसरला मिळणाऱ्या दुरुस्त्या) दिले, वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. बायोस अपडेट करा, ‘इंटेल डिफॉल्ट सेटिंग्ज’ लावा. तरीही बंद पडत असेल तर ट्यूनिंगच्या भानगडीत पडू नका, वॉरंटीत चिप बदलून घ्या. झालेलं नुकसान अपडेटने भरून येत नाही.

एवढं करून मिळतं काय? फ्रेम म्हणाल तर जवळजवळ काहीच नाही. ट्यूनिंगने समजा १०० मेगाहर्ट्झ वाढले, तरी ते ५ गिगाहर्ट्झचे दोन टक्के. ४० चे ४१ सुद्धा होत नाहीत. उतरताना चित्राला बसणारा झटका घालवायचा असेल तर टेरेन लेव्हल ऑफ डिटेल (जमिनीचा तपशील) खाली घ्या, एआय ट्रॅफिक कमी करा आणि फ्रेमला मर्यादा घाला. ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर ३०, १२० हर्ट्झच्या स्क्रीनवर ४०. तीस फ्रेमला प्रोसेसरकडे प्रत्येक फ्रेममागे ३३.३ मिलिसेकंद असतात. उंचावर त्यातले निम्मे शिल्लक पडत असतील, तर मोठ्या विमानतळावर उतरताना तेच कामी येतात. मी स्वतः तीसवरच उडतो.

आणि डिफॉल्टवरसुद्धा बंद पडलं तर प्रोसेसरला सोडा. ग्राफिक्स कार्डचं व्होल्टेज कमी केलेलं असेल (अंडरव्होल्ट) तर ते काढा, सिम्युलेटरच्या कम्युनिटी फोल्डरमधले ॲड-ऑन दुसरीकडे हलवून तो रिकामा ठेवा, आणि ॲड-ऑन थोडे थोडे करून परत आणा. इव्हेंट व्ह्यूअरच्या ‘ॲप्लिकेशन’ लॉगमध्ये ‘फॉल्टिंग मॉड्यूल’चं, म्हणजे ज्या फाइलमध्ये चूक झाली तिचं, नाव मिळेल, ते इथे कमेंटमध्ये टाका, बघून सांगतो.