केस ‘ओरिजिनल’ आहे का? : १९११ च्या हॅमिल्टन ९९२ विषयी

नमस्कार. तुमचे तिन्ही फोटो मोठे करून पाहिले. प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. भावाने पेनसिल्व्हेनियातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून हॅमिल्टन या अमेरिकन कंपनीचं ९९२ मॉडेलचं खिशातलं घड्याळ आणलं. मशीनवरच्या नंबरावरून साल १९११ च्या आसपासचं निघतं. दुकानदाराने चिठ्ठीवर ‘सगळं ओरिजिनल’ असं लिहून दिलंय. आणि तुमचे मित्र म्हणतात, ही साधी केस (मशीन ज्या धातूच्या डबीत बसतं ती) काढा, पाठीवर रेल्वे इंजिन कोरलेली केस बसवा, म्हणजे ते खरं रेल्वेचं घड्याळ वाटेल.

आधी निकाल सांगून टाकतो. केस १९११ ची नाही, निदान तेरा-चौदा वर्षांनी नंतरची आहे. तरीही तुमच्या जागी मी असतो तर ती काढली नसती. इंजिनवाली तर फुकट मिळाली तरी बसवली नसती.

आता कारणं. त्या काळात अमेरिकेत चांगलं खिशातलं घड्याळ घेणं म्हणजे आज चष्मा घेण्यासारखं होतं. नंबरची काच वेगळी आणि फ्रेम आपल्या खिशाला परवडेल ती. हॅमिल्टन, वॉल्थॅम, एल्जिन या कंपन्या बहुतेक नुसतं मशीन विकायच्या. गिऱ्हाईक सराफाच्या दुकानात जाऊन मशीन पसंत करायचं, मग दुसऱ्या ट्रेमधून केस निवडायचं, आणि दुकानदार दोन स्क्रू आवळून घड्याळ हातात द्यायचा. केस बनवणाऱ्या कंपन्या निराळ्याच होत्या: फिलाडेल्फियाची कीस्टोन, केंटकीची वॉड्सवर्थ, ओहायोतल्या कँटनची ड्युबर, न्यूयॉर्ककडची फेहीज. हे जमायचं कारण मापं ठरलेली होती. १६ साइजचं मशीन ४३.१८ मि.मी., १८ साइजचं ४४.८७ मि.मी., मग कंपनी कुठलीही असो. शिवाय किल्ली देण्याचा दांडा मशीनमध्ये नसून केसच्या मानेत बसवलेला असायचा, त्यामुळे मशीन बाहेर काढून दुसऱ्या केसमध्ये घालणं पाच मिनिटांचं काम.

म्हणून १९११ च्या मशीनला ‘कारखान्यातून आलेली केस’ अशी गोष्टच नव्हती. तुमच्या केसवरचा नंबर मशीनच्या नंबराशी जुळत नाही याची काळजी तुम्ही केलीत, तीही सोडून द्या. तो केस कंपनीचा स्वतःचा नंबर आहे, तो जुळायचा नसतोच. दुकानदाराच्या ‘ओरिजिनल’ला पुरावा नाही आणि तो मिळणारही नाही. ही केस त्या काळातली असू शकते का, एवढंच आपण तपासू शकतो.

तुमच्या दुसऱ्या फोटोत मागच्या झाकणाची आतली बाजू दिसते. तिथे केस कंपनीच्या शिक्क्याखाली ‘१० कॅरेट गोल्ड फिल्ड’ लिहिलंय आणि शेजारी हॅमिल्टनचं नाव आहे. वर्षांची हमी कुठेच नाही. या दोन गोष्टींवरून माझा निकाल. गोल्ड फिल्ड म्हणजे पितळेच्या दोन्ही बाजूंना सोन्याचा पातळ पत्रा दाबून बसवलेला. हा आपल्याकडचा मुलामा नव्हे, पत्रा त्याहून बराच जाड असतो. पत्रा किती टिकेल यावर कंपन्या ‘२० वर्षं’, ‘२५ वर्षं’ अशी हमी झाकणातच ठोकत. १९२४ मध्ये सरकारने असं वर्षं लिहिणं बंद केलं. तेव्हा वर्षांची हमी दिसली की केस १९२४ च्या आधीची हे नक्की. हमी नसली म्हणून केस नंतरचीच, असं मात्र उलट म्हणता येत नाही. दुसरा धागा लागतो, आणि तुमच्याकडे तो आहे: हॅमिल्टनचं नाव. हॅमिल्टनने आपली मशीनं स्वतः केसमध्ये बसवून विकायला सुरुवात केली ती १९२० च्या दशकाच्या मध्याला. त्याआधी त्यांनी केसवर नाव घालण्याचं काही कारण नव्हतं.

जाता जाता नावांचा एक सापळा सांगतो, कारण यात जुनेजाणतेही फसतात. केसमध्ये ‘एल्जिन जायंट’ लिहिलंय म्हणून आतलं मशीन एल्जिनचंच असणार असं नाही. ते इलिनॉय वॉच केस कंपनीचं छापनाव आहे, आणि ती कंपनी एल्जिन गावात होती एवढंच. आता गंमत अशी, की या केस कंपनीचा ‘बन स्पेशल’ हे घड्याळ बनवणाऱ्या स्प्रिंगफील्डच्या इलिनॉय वॉच कंपनीशीही संबंध नाही. मी पहिली दोन वर्षं ‘इलिनॉयच्या केसमध्ये इलिनॉयचं मशीन, म्हणजे जोडी अस्सल’ असं लोकांना छातीठोकपणे सांगत होतो.

शिक्क्यांपेक्षाही माझा भरवसा स्क्रूच्या ओरखड्यांवर आहे. मशीनच्या कडेला दोन केस-स्क्रू असतात, त्यांची डोकी केसच्या कड्याला पकडतात. आवळताना डोकं फिरतं आणि कड्यावर चंद्रकोरीसारखी रेघ उमटते. प्रत्येक कंपनीच्या मशीनवर हे स्क्रू जरा वेगळ्या जागी असतात. म्हणजे केसमध्ये आजवर किती मशीनं नांदून गेली याची नोंद त्या कड्यावर आपोआप होत असते.

मी ओहायोत असताना एका रविवारच्या बाजारात एल्जिनचं १८ साइजचं ‘बी. डब्ल्यू. रेमंड’ मॉडेल घेतलं. केस सिल्व्हरॉइडची, म्हणजे चांदीसारखी दिसणारी निकेलची मिश्रधातू. जाडजूड, स्क्रूचं झाकण, आगगाडीवाल्यांना आवडायची तशी. घरी येऊन डोळ्याला भिंग लावलं तर कड्यावर चंद्रकोरींच्या तीन जोड्या. मग वेळ लावायच्या लिव्हरकडे पाहिलं. रेल्वेच्या घड्याळात वेळ किल्ली (चावी द्यायची बाहेरची गोल मूठ) ओढून लावत नाहीत, कारण खिशातून काढताना चुकून काटे हलायचे. काच उघडायची, डायलच्या कडेची छोटी लिव्हर नखाने बाहेर ओढायची, मग काटे फिरवायचे. त्या लिव्हरसाठी केसच्या कड्याला खाच लागते. कारखान्यात पाडलेली खाच सरळ, गुळगुळीत, बाकी धातूच्याच रंगाची असते. माझ्या केसमधली कोणीतरी कानशीने घासून काढली होती, एक बाजू तिरकी, आणि कानशीचे दात अजून दिसत होते. म्हणजे ती केस मुळात लिव्हर नसलेल्या साध्या घड्याळाची. हे सगळं पाहण्याच्या घाईत मी किल्ली बाहेरच्या टप्प्यावर न ओढताच मशीन पुढे ढकललं, दांडा आत अडकला, आणि एनॅमलच्या डायलवर बाराच्या आकड्याजवळ केसाएवढी भेग गेली. ती अजून आहे. तेव्हा तुम्ही मशीन काढणार असाल तर आधी किल्ली ‘टक्’ होईपर्यंत बाहेर ओढा.

तुमच्या तिसऱ्या फोटोत खाच स्वच्छ आहे आणि किल्ली बरोबर बारावर आहे. हे महत्त्वाचं. एप्रिल १८९१ मध्ये ओहायोतल्या किप्टनला दोन गाड्यांची टक्कर झाली. एका इंजिन ड्रायव्हरचं घड्याळ चार मिनिटं मागे पडलं होतं असं सांगतात. त्यानंतर क्लीव्हलंडच्या वेब बॉल या सराफाकडे रेल्वेच्या घड्याळांच्या तपासणीचं काम आलं आणि पुढे जे नियम रुळले, त्यांत उघड्या तोंडाचं (डायलवर झाकण नसलेलं) घड्याळ, किल्ली बाराच्या आकड्यापाशी, आठवड्याला ३० सेकंदांपेक्षा जास्त फरक नको, अशा अटी होत्या. केस सोन्याची की निकेलची, याच्याशी नियमांना देणंघेणं नव्हतं. ९९२ उघड्या तोंडाचंच. झाकणवाल्या केससाठी त्याचा भाऊ ९९३ होता, त्याची किल्ली तीनवर येते. कधी उघड्या केसमध्ये किल्ली तीनवर दिसली तर समजा की झाकणवाल्या केसमधलं मशीन आणून बसवलंय. अशा मशीनची मूळ केस बहुधा सोन्याची होती आणि मोडीत गेली. जानेवारी १९८० मध्ये सोनं औंसाला ८५० डॉलरपर्यंत चढलं, तेव्हा अशा कितीतरी केसी वितळल्या आणि मशीनं उघडी पडली.

आता मित्रांच्या इंजिनाबद्दल. गाड्या चालवणारा माणूस पाठीवर इंजिन मिरवत नसे, त्याला ते दिवसभर समोर दिसतच होतं. इंजिन कोरलेल्या केसी विकल्या गेल्या त्या बहुतेक शेतकऱ्यांना, दुकानदारांना, हौशी पोरांना, आणि आत मशीन असायचं सात ज्वेलचं, म्हणजे फिरत्या भागांना आधार देणारे सातच खडे असलेलं साधं. २१ ज्वेलच्या ९९२ ला ती चढवणं म्हणजे एस.टी.च्या ड्रायव्हरने नाटकातला ड्रेस घालून ड्युटीवर जाणं. रेल्वेवाल्याची केस ओळखायची ती साधेपणावरून: पुढून-मागून स्क्रूची झाकणं, कोळशाची धूळ आत जाऊ नये म्हणून, आणि साखळीच्या ओढीने न निसटणारी भक्कम कडी. तुमच्या केसची पाठ खिशात घासून गुळगुळीत झालीय आणि कडीजवळ पितळ उघडं पडलंय. मला तिच्यात हेच आवडलं.

कारण माझा अंदाज असा: १९११ ला कोणी हे मशीन घेतलं, पंधरा-वीस वर्षं वापरलं, दर दोन आठवड्यांनी तपासणीसाला दाखवलं, पहिली केस झिजली तेव्हा मशीन तेच ठेवून केस नवी घेतली. मशीन इतकं महाग होतं की असं करणं अगदी स्वाभाविक. हे सिद्ध करता येणार नाही, पण कड्यावर ओरखड्यांची एकच जोडी निघाली तर माझ्या अंदाजाला वजन येईल. दोन निघाल्या तर हे जुळवणी दुकानातलं असण्याची शक्यता जास्त.

एक सूचना इथल्या मंडळींसाठी. चोर बाजारात पाठीवर ‘जी.आय.पी.आर.’ (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) कोरलेलं घड्याळ सापडलं तर वरचं सगळं त्याला लावू नका. आपल्या रेल्वे कंपन्यांची घड्याळं बहुतेक स्विस, केसमध्ये बसवूनच आलेली. तिथे मशीन आणि केस वेगवेगळ्या घरची निघाली तर संशय घ्यायलाच हवा.

तुम्हाला १९११ चीच केस हवी असेल तर १६ साइज, उघड्या तोंडाची, लिव्हरची मूळ खाच असलेली, ‘२० वर्षं’ किंवा ‘२५ वर्षं’ शिक्का असलेली गोल्ड फिल्ड शोधा, नाहीतर सरळ सिल्व्हरॉइडची. पण नुसती केस विकायला आली म्हणजे कुठलं तरी मशीन उघडं पडलेलं असतं, हे लक्षात ठेवा. आणि घेतलीत तरी आत्ताची केस विकू नका, त्याच डब्यात राहू द्या.

तूर्त एवढं करा. मागचं झाकण काढून, दिवा बाजूने धरून, दोन्ही केस-स्क्रूंच्या आजूबाजूच्या कड्याचे जवळून दोन फोटो टाका. मशीन काढू नका, स्क्रूही सैल करू नका. मग पुढचं सांगतो.